पैसा कोणत्या खात्यात उतरतो: इब्नू सुतोवो आणि पर्तामिनाचे प्रकरण

फेब्रुवारी १९७५. इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी पर्तामिना हिला अमेरिकेत डॅलसमधल्या एका बँकेचे ४ कोटी डॉलर ठरल्या दिवशी फेडता आले नाहीत. कंपनीच्या पसाऱ्याच्या मानाने ही रक्कम अगदीच किरकोळ. देशात तेव्हा रोज १३ लाख पिंपांच्या आसपास तेल निघत होते. सुमात्रातल्या मिनास तेलाचा भाव १९७३च्या सुरुवातीला पिंपामागे ३ डॉलरलाही पोहोचला नव्हता, तो जुलै १९७४ मध्ये १२.६० डॉलर झाला होता. भाव चौपटीहून वर गेला, गिऱ्हाईक दारात उभे, आणि तरी तेल कंपनी चार कोटींवर अडली.

या कंपनीचे सर्वेसर्वा होते लेफ्टनंट जनरल डॉ. इब्नू सुतोवो: शिक्षणाने डॉक्टर, पेशाने सैनिक, १९६६ मध्ये काही महिने तेल आणि नैसर्गिक वायूचे मंत्री, नंतर त्याच खात्याचे महासंचालक आणि सलग अठरा वर्षे सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. त्यांच्या पडझडीचे कारण बहुतेक जण ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दात सांगून मोकळे होतात. भ्रष्टाचार होताच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच माणसाने, त्याच कंपनीत, त्याच वर्षांत सुरू केलेली काही कामे बुडाली आणि काही दिमाखात उभी राहिली, हा फरक त्या शब्दाने उलगडत नाही. तो उलगडायचा तर प्रत्येक कामाचा पैसा आधी कोणत्या खात्यात उतरत होता आणि त्या खात्याची किल्ली कोणाच्या हातात होती, हे पाहावे लागते.

मोडक्या विहिरी

सुतोवो यांचा जन्म १९१४चा, मध्य जावातला. डच अमलात सुराबायाच्या वैद्यकीय विद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि नोकरीसाठी दक्षिण सुमात्रात गेले. पालेम्बांगचा तो परिसर तेलशुद्धीकरणाचा. स्वातंत्र्ययुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत आले आणि पुढे दक्षिण सुमात्राच्या लष्करी विभागात वरच्या पदापर्यंत चढले. त्या काळी इंडोनेशियाच्या प्रादेशिक सेनाधिकाऱ्याला युद्धाइतकाच व्यापारही करावा लागे. जकार्ताहून येणारा पैसा तुकडीचे पोट भरायला पुरत नसे, मग रबर, खोबरे, तेल असे जे हाती असेल त्यावर गणवेश, शिधा आणि ट्रक भागवायचे. अर्थसंकल्पाबाहेरचा पैसा ही या अधिकाऱ्यांच्या लेखी चोरी नव्हती, ती रोजची कामाची रीत होती. या प्रकरणाचे बीज इथे आहे.

१९५७ मध्ये सेनाप्रमुख नासुतिओन यांनी उत्तर सुमात्रातली जुनी तेलक्षेत्रे सुतोवो यांच्या हवाली केली. इंडोनेशियाच्या तेलउद्योगाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच भागात झाली होती, पण युद्धात आणि नंतरच्या धामधुमीत विहिरी, नळ, टाक्या सगळ्यांची वाताहत झाली होती. १० डिसेंबर १९५७ रोजी कंपनीला पर्मिना हे नाव मिळाले. भांडवल नाही, तंत्रज्ञ थोडे, सुटे भाग मिळेनात. सुतोवो यांनी जिथून जमेल तिथून लोखंड गोळा केले, थोडेसे कच्चे तेल काढले आणि १९५८ मध्ये पहिली निर्यात करून दाखवली. १९६० मध्ये जपानी कंपन्यांच्या गटाशी करार झाला. त्यांनी यंत्रे आणि तंत्रज्ञ उधारीवर द्यायचे आणि वाढीव उत्पादनातून तेलाच्या रूपात फेड घ्यायची. यात रोख पैसा हलतच नाही. तेल वाढले नाही तर धनकोचे नुकसान, वाढले तर दोघांचा फायदा.

१०० पिंपांची वाटणी

त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ काम म्हणजे उत्पादन-वाटा करार. आज जगभर वापरात असलेली ही पद्धत तेलात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर इथे उभी राहिली, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहू.

त्याआधी १९६३ मध्ये कॅल्टेक्स, स्टॅनव्हॅक आणि शेल या कंपन्यांशी ‘कामाचे करार’ झाले होते. नफ्याचे ६० टक्के सरकारला, ४० टक्के कंपनीला. कागदावर हे चांगले, पण नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा. विक्रीची किंमत कंपनी ठरवणार, खर्च कंपनी दाखवणार आणि काम कसे करायचे तेही कंपनीच ठरवणार. सरकारच्या हाती वर्षाअखेरीस आलेला आकडा मान्य करण्यापलीकडे फारसे काही उरत नसे.

१९६६ मध्ये जावाच्या वायव्येकडील समुद्रासाठी एका अमेरिकी गटाशी झालेल्या करारात सुतोवो यांनी नफ्याऐवजी तेलच वाटून घेतले. समजा १०० पिंपे निघाली. त्यातून खर्चापोटी कंत्राटदाराने वर्षाला जास्तीत जास्त ४० पिंपे घ्यायची. खर्च त्याहून मोठा असेल तर उरलेला पुढच्या वर्षावर ढकलायचा. राहिलेल्या ६० पिंपांचे ६५-३५ असे भाग: ३९ सरकारी कंपनीला, २१ कंत्राटदाराला. कंत्राटदाराच्या हिश्श्यातल्या पाव भागापर्यंतचे तेल देशांतर्गत गरजेसाठी द्यायचे, आणि त्याबद्दल पिंपामागे मिळायचे फक्त २० सेंट. तेल लागलेच नाही तर शोधाचा सगळा खर्च कंत्राटदाराच्या माथी. आणलेली यंत्रसामग्री देशात उतरताच सरकारी मालकीची.

४० टक्क्यांच्या मर्यादेमुळे खर्च कितीही फुगवला तरी उत्पादन सुरू झालेल्या पहिल्या वर्षापासून सरकारला १०० पैकी ३९ पिंपे मिळतातच. नफ्याच्या करारात ही हमी नव्हती. सुतोवो यांचा स्वतःचा खरा आग्रह मात्र टक्क्यांपेक्षा एका कलमावर होता: व्यवस्थापन सरकारी कंपनीकडे राहील. दरवर्षीचा कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक तिच्या मंजुरीशिवाय हलणार नाही. मोठ्या परदेशी कंपन्या याच कलमावर अडून बसल्या, म्हणून पहिले करार लहान, धाडसी कंपन्यांशी झाले. १९७१ मध्ये समुद्रातून तेल येऊ लागले तेव्हा मोठ्यांनीही रांग लावली.

खनिकर्ममंत्री ब्रातानाता यांना ही पद्धत मान्य नव्हती. त्यांना जुने कामाचे करार आणि खुल्या निविदा हव्या होत्या. तेव्हा देशाची सूत्रे हाती आलेले जनरल सुहार्तो (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी कौल सुतोवो यांच्या बाजूने दिला आणि १९६७ मध्ये ब्रातानाता यांचे मंत्रिपद गेले. करारांच्या गुणवत्तेपुरते पाहिले तर सुतोवो बरोबर होते असेच आम्ही म्हणू. पण त्या निकालाचा दुसरा अर्थ सगळ्या जकार्ताने वाचला: मंत्री बदलता येतो, तेल कंपनीचा प्रमुख नाही. निविदेची मागणी अगदी रास्त होती, तीही त्याच झटक्यात मागे पडली.

दुसरी तिजोरी

२० ऑगस्ट १९६८ रोजी पर्मिना आणि दुसरी सरकारी तेल कंपनी एकत्र करून पर्तामिना झाली. परदेशी कंपन्यांकडून येणारा सरकारचा वाटा आणि कर आधी पर्तामिनाच्या खात्यात येई, आणि ती तो अर्थखात्याकडे पाठवी. आधी कंपनी, मग तिजोरी. हा क्रम कोणी कट करून लावलेला नव्हता. तेल विकणारी कंपनी तीच, म्हणून पैसाही तिच्याकडे, इतके ते साधे होते. पण यामुळे देशाच्या सर्वांत मोठ्या उत्पन्नाचा नळ अर्थमंत्र्यांच्या घरात नव्हता.

सुहार्तो यांना आणि सैन्याला ही दुसरी तिजोरी सोयीची होती. जकार्तातले राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय बिना ग्राहा पर्तामिनाच्या पैशातून उभे राहिले. विमानसेवा, विमा कंपनी, रुग्णालय, हॉटेले, दक्षिण सुमात्रातली भातशेती, बाटाम बेटावरचा तळ, न्यूयॉर्कमधले ‘रामायण’ नावाचे उपाहारगृह असा पसारा वाढत गेला. १९७४ मध्ये जर्मनीतून बोलावलेले विमान-अभियंते हबिबी यांचा तंत्रज्ञान विभागही पर्तामिनाच्याच छत्राखाली सुरू झाला. सुतोवो यांची बाजू अशी की सरकारी खाती फायली फिरवत बसतात, आम्ही काम करतो. तेव्हाच्या प्रशासनाची अवस्था पाहता यात तथ्य होते, आणि म्हणूनच त्यांना विरोध करणे अवघड गेले.

इशारे मिळाले नाहीत असे मात्र नाही. मोख्तार लुबिस यांच्या ‘इंडोनेशिया राया’ या दैनिकाने १९६९ पासून पर्तामिनाचे व्यवहार चव्हाट्यावर आणले. १९७० मध्ये माजी पंतप्रधान विलोपो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चार जणांच्या आयोगाने कंपनीचे हिशेब आणि तिजोरीत होणारा भरणा यांवर नेमके बोट ठेवले. १९७१च्या कायद्याने कंपनीवर सरकारी देखरेख मंडळ आले आणि त्यात खनिकर्म आणि अर्थ या खात्यांचे मंत्री बसले. पण मंडळासमोर काय ठेवायचे ते कंपनीच ठरवत होती.

‘एक ते पंधरा’

परदेशी कर्जे बेसुमार वाढताना पाहून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९७२ मध्ये मर्यादेचा आग्रह धरला. सरकारने नियम केला: १ वर्षाहून जास्त आणि १५ वर्षांहून कमी मुदतीचे परदेशी कर्ज सरकारी संस्थेने अर्थखात्याच्या परवानगीशिवाय घ्यायचे नाही. मध्यम मुदतीची व्यापारी कर्जे सर्वांत महाग आणि धोक्याची, असा विचार त्यामागे होता.

नियमाला दोन्ही टोकांना भोके होती. १५ वर्षांहून लांब कर्ज मिळणे मुश्किल. वर्षाच्या आतले मात्र सहज मिळे, कारण तेलाचा भाव चढत होता आणि परदेशी बँका पैसा घेऊन जकार्तात मुक्कामाला होत्या. पर्तामिना वर्षाच्या आतली कर्जे घेत गेली आणि मुदत भरली की जुने कर्ज नव्या कर्जाने फेडत गेली. समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. १०० कोटी डॉलर दहा वर्षांच्या समान हप्त्यांनी घेतले तर मुद्दलाचे वर्षाला १० कोटी फेडायचे. तेच १०० कोटी ३६० दिवसांसाठी घेतले तर वर्षाला पुरे १०० कोटी फेडायचे, किंवा तितकेच नव्याने उभे करायचे. एक वर्ष जरी बँकांनी हात आखडला तर दुसरा दरवाजा नाही. आणि हा पैसा चालला होता पोलाद कारखान्याकडे. पश्चिम जावातल्या चिलेगोनचा क्राकाताऊ पोलाद प्रकल्प सोव्हिएत मदतीने सुरू होऊन अर्धवट पडला होता. पर्तामिनाने तो हाती घेतला आणि योजना कितीतरी मोठी केली. पोलाद कारखान्यातून पैसा यायला सात-आठ वर्षे लागतात, तर कर्ज १२ महिन्यांत परत मागितले जाते. नियमाने मुदतीवर लक्ष ठेवले, एकूण कर्जाच्या बेरजेवर आणि कर्ज कोणत्या कामाला लागते यावर ठेवले नाही. ही चूक नियम करणाऱ्यांचीही होती.

टँकरांची गोष्ट याहून वाईट. भाडे-खरेदीने घेतलेले जहाज हिशेबात ‘कर्ज’ दिसत नाही, भाडे दिसते, म्हणून ‘एक ते पंधरा’चा नियम त्याला लागू होत नव्हता. सुतोवो यांनी मोठ्या संख्येने टँकरांचे दीर्घ मुदतीचे करार केले, तेही भाडेदर चढे असताना. १९७३च्या शेवटी तेलाचा भाव उसळला, जगात तेलाचा खप घटला आणि १९७४ मध्ये टँकर-भाडे कोसळले. जो भाव पर्तामिनाचे उत्पन्न वाढवत होता, त्यानेच तिची जहाजे रिकामी पाडली. कंपनीच्या बहुतेक विक्रीत जहाज खरेदीदार आणतो, तेव्हा इतक्या जहाजांना माल कुठला, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारायला हवा होता.

जून १९७४ मध्ये जर्मनीतली हेर्श्टाट बँक बुडाली आणि जगभरच्या बँका एकदम सावध झाल्या. जुने कर्ज नव्याने फेडण्याचा मार्ग आटला. ज्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर सुतोवो विसंबून होते, ते हाती आलेच नाही. ऑक्टोबर १९७४ पासून कंपनीने परदेशी कंपन्यांकडून आलेला कराचा पैसा तिजोरीत भरणे थांबवले आणि त्यातून देणी भागवली. खात्यांचा क्रम असा की अर्थखात्याला ही गळती भरणा आला नाही तेव्हाच कळली.

फेब्रुवारीत ४ कोटी थकले, मार्चमध्ये कॅनडातल्या बँकेच्या पुढाकाराने दिलेल्या कर्जाचे ६ कोटी. एवढ्याने देश हादरण्याचे कारण कर्जकरारांतले एक कलम. एका धनकोचे पैसे थकले तर बाकीचे धनकोही आपले सगळे पैसे एकदम मागू शकतात. म्हणून ४ कोटींची थकबाकी प्रत्यक्षात सगळ्या कर्जाची थकबाकी होती. गव्हर्नर रहमत सालेह यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती बँकेने पर्तामिनाची देणी अंगावर घेतली आणि त्यासाठी स्वतःच्या नावावर नवी, लांब मुदतीची कर्जे उभारली.

मग आकडा शोधायचे काम सुरू झाले. कर्जाची एकत्रित यादी कंपनीकडेच नव्हती. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या, वेगवेगळी शहरे, तोंडी ठरलेल्या किमती. वर्षाच्या आतली देणीच सुमारे दीड अब्ज डॉलर निघाली. १९७६च्या मे महिन्यात खनिकर्ममंत्री मोहम्मद सादली यांनी संसदेला एकूण बांधिलकी १०.५ अब्ज डॉलर सांगितली. कंत्राटे रद्द करणे, पोलाद प्रकल्प छाटणे, जहाजांचे करार मोडणे असे करत सरकारने तो बोजा पुष्कळ खाली आणला. टँकरांसाठी सुतोवो यांनी सही केलेल्या वचनचिठ्ठ्या त्यांना काढल्यानंतरही पुढे येत राहिल्या आणि त्यांचा निकाल परदेशी न्यायालयांत वाद आणि तडजोड असा करावा लागला.

३ मार्च १९७६ रोजी सुतोवो यांना ‘सन्मानपूर्वक’ पदमुक्त करण्यात आले आणि जनरल पीत हार्योनो यांची नेमणूक झाली. सुतोवो यांच्यावर खटला झाला नाही. ते उद्योगपती म्हणून वावरले, १९८६ ते १९९४ इंडोनेशियन रेड क्रॉसचे अध्यक्ष होते आणि जानेवारी २००१ मध्ये वारले. हिशेबाचा एक धागा मात्र न्यायालयात पोहोचला. १९७६ मध्ये निधन झालेल्या पर्तामिनाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सिंगापूरमधील प्रचंड बँक-ठेवी कंत्राटदारांकडून घेतलेल्या लाचेच्या आहेत आणि त्या पर्तामिनाच्याच ठरतात, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९९२ मध्ये दिला आणि अपिलातही तो टिकला.

बोंतांगचे खाते

आता दुसरी बाजू. १९७१ मध्ये आचेतल्या अरुणला आणि १९७२ मध्ये पूर्व कालिमांतानमधल्या बदाकला वायूचे मोठे साठे सापडले. वायू तेलासारखा पिंपात भरून विकता येत नाही. तो उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून द्रवरूप करावा लागतो, मग त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते आणि खास जहाजांतून तो नेता येतो. कारखाना, जहाजे आणि खरेदीदाराच्या बंदरातल्या टाक्या हे तिन्ही एकाच वेळी उभे राहावे लागतात. एक जरी अडला तरी बाकीचे दोन निरुपयोगी. पोलादाइतकाच, किंबहुना त्याहून धोक्याचा हा पैसा.

इथे घटनांचा क्रम उलटा होता. आधी गिऱ्हाईक: ३ डिसेंबर १९७३ रोजी जपानच्या पाच कंपन्यांशी २० वर्षांचा विक्री करार झाला, त्यात कान्साई, चुबू आणि क्युशू या वीज कंपन्या, ओसाका गॅस आणि निप्पॉन स्टील होत्या. माल उचलला नाही तरी ठरलेल्या प्रमाणाचे पैसे द्यायचे, हे कलम त्यात होते. मग त्या कराराच्या तारणावर कर्ज. बदाकच्या वायूसाठी बोंतांगला उभा राहणारा कारखाना चालवणारी कंपनी पीटी बदाक १९७४ मध्ये निघाली ती नफ्यासाठी नव्हे, फक्त चालवण्यासाठी. तिच्यात पर्तामिना ५५ टक्के, अमेरिकी कंत्राटदार हफ्को ३० आणि जपानी बाजू १५. जहाजेही भाड्यानेच घेतली, पण या जहाजांचा माल २० वर्षांसाठी आधीच विकलेला होता.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जपानी खरेदीदारांचा पैसा पर्तामिनाच्या खात्यात जाणार नव्हता. तो एका अमेरिकी बँकेकडच्या विश्वस्त खात्यात जायचा. विश्वस्ताने त्यातून आधी कर्जाचे हप्ते, वाहतूक आणि कारखान्याचा खर्च भागवायचा, आणि उरलेलाच पर्तामिना आणि तिच्या भागीदारांना द्यायचा. ही अट धनकोंनी घातली आणि सुतोवो यांनी ती मान्य केली, कारण तिच्याशिवाय कोणी पैसे देत नव्हते. कंपनीच्या बाकी उत्पन्नाला अशी अट घालणारा कोणी नव्हता. अर्थखात्याला हवी होती ती हीच अट, पण ती लादण्याइतके बळ त्याच्याकडे नव्हते.

१९७५च्या संकटात सरकारने कात्री घेऊन एकेक प्रकल्प तपासला. पोलाद कापले, जहाजे परत केली, पण द्रवरूप वायूच्या प्रकल्पांना हात लावला नाही. लावण्याचे कारणही नव्हते, त्यांचा पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेले होते. १९७६ मध्ये सरकारने तेलाच्या करारातली वाटणी ८५-१५ केली आणि खर्चाची ४० टक्क्यांची मर्यादा काढली, पण सुतोवो यांचा सांगाडा आणि व्यवस्थापनाचे कलम कायम ठेवले.

९ ऑगस्ट १९७७ रोजी ‘एलएनजी अक्वेरियस’ हे सव्वा लाख घनमीटर क्षमतेचे जहाज बोंतांगहून पहिला माल घेऊन जपानकडे निघाले. सुतोवो यांना पदावरून जाऊन तेव्हा सतरा महिने झाले होते.